माचू पिचूच्या ताली : शेतीसाठी बांधल्या की डोंगर धरण्यासाठी?

सह्यवारा :

नमस्कार. गेल्या वर्षी पेरू देशात जाण्याचा योग आला आणि माचू पिचू या इंका साम्राज्याच्या जुन्या डोंगरवस्तीत दोन दिवस घालवता आले. मी घाटरस्त्यांच्या कामांवर अभियंता म्हणून तीस वर्षे काढली असून त्यातील बराच काळ संरक्षक भिंतींच्या मागे साचणाऱ्या पाण्याचा बंदोबस्त करण्यातच गेला. त्यामुळे तेथील सूर्यमंदिरापुढे गर्दीत उभा असतानाही माझी नजर वारंवार खाली, उतारावर एकाखाली एक उतरत गेलेल्या शेतांच्या टप्प्यांकडे आणि ते धरणाऱ्या दगडी भिंतींकडे, म्हणजे तालींकडे, वळत होती. आमचा वाटाड्या राजा, पुरोहित आणि नक्षत्रे यांविषयी भरभरून बोलला, पण या टप्प्यांविषयी त्याने एकच वाक्य सांगितले : येथे इंका लोक मका पिकवत. एवढ्याने माझे समाधान झाले नाही. परतल्यावर जे वाचले, त्यातून उभे राहिलेले चित्र येथे मांडतो. शेती जाणणाऱ्या आणि इतिहास जाणणाऱ्या सभासदांनी त्यात भर घालावी, आणि माझे चुकत असेल तेथे अवश्य दुरुस्त करावे.

प्रथम जागेविषयी. माचू पिचू समुद्रसपाटीपासून सुमारे २,४३० मीटर उंचीवर आहे. इंकांची राजधानी कुस्को त्याहून जवळजवळ एक हजार मीटर उंच आहे, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. आपण कुस्कोहून निघतो तेव्हा प्रत्यक्षात खाली, अधिक उबदार आणि अधिक पावसाच्या पट्ट्यात उतरत असतो. माचू पिचू आणि वायना पिचू या दोन शिखरांना जोडणाऱ्या धारेवर ही वस्ती आहे आणि तिच्या सुमारे ४५० मीटर खालून उरुबांबा नदी मोठा वळसा घेत जाते. वर्षाला १,९०० मिलिमीटरहून अधिक पाऊस, अतिशय तीव्र उतार आणि भेगांनी चिरलेला ग्रॅनाइट खडक, अशी ही जागा आहे. ब्राझीलचे भूवैज्ञानिक रुआल्दो मेनेगात यांनी २०१९ मध्ये असे मांडले की ही वस्ती भूभंगांच्या रेषा जेथे एकमेकींना छेदतात तेथे उभी आहे, आणि या भेगांमुळेच बांधणाऱ्यांना फुटलेला दगड जागेवर मिळाला व पाण्याला निचरायला वाटही मिळाली. मला हा विचार फार मोलाचा वाटतो, कारण कोणताही अभियंता ज्या जागेला दोषपूर्ण म्हणून नाकारेल, तिच्या दोषांचाच येथे उपयोग करून घेतलेला दिसतो.

बांधकाम पंधराव्या शतकातील आहे. पाचाकुती या इंका राजाशी त्याचा संबंध जोडला जातो. रिचर्ड बर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कालमापनानुसार येथे १४२० च्या सुमारासच वस्ती होती. म्हणजे या भिंतींनी सहाशे वर्षांच्या आसपास पावसाळे आणि भूकंप पाहिले आहेत, आणि त्यांतील बहुतांश काळ त्यांची निगा राखणारे कोणी नव्हते.

आता मूळ मुद्दा. १९९० च्या दशकात अमेरिकेचे जलअभियंता केनेथ राईट आणि पेरूचे पुरातत्त्वज्ञ आल्फ्रेदो वालेन्सिया यांनी येथील पाण्याच्या व्यवस्थेचा पद्धतशीर अभ्यास केला. शेतीच्या टप्प्यांखाली खणल्यावर त्यांना ठरावीक क्रमाचे थर आढळले : सर्वांत खाली मोठे दगड, त्यावर लहान दगड व खडी, त्यावर वाळूमिश्रित थर आणि सर्वांत वर सुपीक माती. वरून पडलेले पाणी मातीत मुरते, पिकाला हवे तेवढे तेथे राहते आणि उरलेले खालच्या खडीतून शांतपणे निघून जाते. भिंती किंचित आत, डोंगराकडे झुकलेल्या आहेत. वस्तीभर भिंतींमध्ये सुमारे १३० निचऱ्याची तोंडे मोजली गेली आहेत. मधल्या मोठ्या चौकाच्या हिरवळीखालीही दगड घडवताना निघालेल्या ग्रॅनाइटच्या कपच्यांचा जाड थर भरलेला आहे. बांधकामातला कचरा फेकून न देता तोच निचऱ्याला वापरला. एकूण बांधकामातील सुमारे साठ टक्के काम जमिनीखाली दडलेले असावे, असा राईट यांचा अंदाज आहे. पर्यटक ज्याची छायाचित्रे काढतात ते उरलेले चाळीस टक्के आहे.

घाटातल्या माझ्या अनुभवाने सांगतो, संरक्षक भिंत मातीच्या भाराने क्वचितच पडते. मागची माती पाणी पिऊन फुगते आणि त्या पाण्याला वाट मिळत नाही, तेव्हा ती पडते. एका कामावर निचऱ्याची छिद्रे नकाशात होती, पण भिंतीत नव्हती. दुसऱ्याच पावसाळ्यात सव्वाशे फूट भिंत रस्त्यावर आली. म्हणून माझा तर्क असा की माचू पिचूच्या ताली मुळात डोंगर धरून ठेवण्यासाठी बांधल्या गेल्या आणि शेती हा त्यांचा दुय्यम लाभ होता. शेतीच्या टप्प्यांचे एकूण क्षेत्र जेमतेम ४.९ हेक्टर, म्हणजे सुमारे १२ एकर आहे. एवढ्यावर राजाचा लवाजमा पोसला जाणे शक्य नाही. आपले मत काय?

खाचर :

सह्यवारा, आपण फार चांगला विषय काढला आहे. मी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातला शेतकरी आहे. आमच्याकडे उतारावर दगडी ताल रचून, मागे माती भरून भाताचे खाचर तयार करण्याला पडकई म्हणतात. सुगी संपली की चार-पाच घरे एकत्र येऊन आज एकाच्या रानात, उद्या दुसऱ्याच्या रानात, असे हे काम करत आली आहेत. त्यामुळे आपण वर्णन केलेले थर वाचताना माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की आमच्या खाचरात आणि त्यांच्या टप्प्यात दिसायला साम्य असले, तरी दोघांचे काम अगदी उलटे आहे.

भाताला पाणी उभे लागते. आम्ही चिखलणी करतो ती मातीची तळाची भोके बुजावीत आणि पाणी खाचरात थांबावे म्हणून. आमचे खाचर म्हणजे परात आहे, आणि आपण सांगता ते इंकांचे शेत म्हणजे चाळणी आहे. मक्याच्या मुळांशी पाणी साचले तर पीक पिवळे पडते, हे आम्हीही पाहतो. तेव्हा निचऱ्याची ही सारी व्यवस्था फक्त भिंतीसाठी होती असे मला वाटत नाही. जी रचना भिंतीला वाचवते तीच मक्यालाही मानवते. पीक आणि भिंत यांची गरज येथे एकच आहे; भातात ती एक नसते आणि म्हणूनच आमच्या तालींना पोट सुटते, म्हणजे त्या बाहेर फुगतात.

आणखी एक विचारायचे होते. त्या टप्प्यांना पाटाचे पाणी दिले जात होते का? आणि एका टप्प्यावरून दुसऱ्यावर माणसे जात कशी? आमच्याकडे ताल उंच झाली की कडेने वाट ठेवावी लागते आणि तेवढी जमीन वाया जाते.

सह्यवारा :

खाचर, परात आणि चाळणी हा भेद मला सुचला नव्हता. आपला आक्षेप मला मान्य आहे. मी भिंतीच्या बाजूने पाहिले आणि आपण पिकाच्या बाजूने.

आपल्या प्रश्नांविषयी : माचू पिचूच्या शेतांना पाटाचे पाणी नव्हते, तेथील पाऊस पिकाला पुरेसा होता. डोंगराच्या उत्तर उतारावरील झऱ्याचे पाणी ७४९ मीटर लांबीच्या दगडी पाटाने वस्तीत आणले होते, पण ते पिण्यासाठी. त्यावर एकाखाली एक अशी सोळा कारंजी आहेत आणि पहिले कारंजे राजाच्या निवासाजवळ आहे. झऱ्याचा प्रवाह ऋतूनुसार मिनिटाला २३ ते १२५ लिटर इतका मोजला गेला आहे, म्हणजे तो फार मोठा नाही. शेताचे पावसाचे पाणी या पाटात मिसळू नये म्हणून शेती आणि घरे यांच्यामध्ये एक मोठा कोरडा चर सोडलेला आहे.

वर-खाली जाण्यासाठी त्यांनी भिंत रचतानाच लांब दगड आत दाबून त्यांची टोके बाहेर ठेवली आहेत. तिरप्या ओळीत असे तीन-चार दगड आले की जिना तयार होतो आणि वाटेला एक वीतही जमीन जात नाही.

अश्मक :

चर्चा चांगल्या वळणावर आली आहे. इतिहासाच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण माझ्या मते ‘शेत की भिंत’ या प्रश्नाच्या मागे आणखी एक प्रश्न आहे : कोणाचे शेत?

माचू पिचू हे गाव नव्हते, ती राजाची खासगी जहागीर होती. वर्षभर राहणारी माणसे काही शेकडाच असावीत आणि राजा आला की ती संख्या वाढत असावी. तेथे पुरलेल्या माणसांच्या हाडांवरून आणि दातांवरून असे दिसते की ती निरनिराळ्या प्रदेशांतून आणली गेली होती. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन जनुकांच्या अभ्यासाने याला पुष्टी दिली असून त्यात अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातून आलेली माणसेही आढळली. ही सेवक मंडळी होती. त्यांच्या आहारात मक्याचा वाटा मोठा होता, हेही हाडांच्या रासायनिक तपासणीतून कळते. सह्यवारा म्हणतात त्याप्रमाणे तो सगळा मका १२ एकरांत पिकणे शक्य नव्हते. तो खोऱ्यातून, लामा या उंटाच्या कुळातील ओझेवाहू प्राण्यांच्या पाठीवरून येत असणार.

आता मका आणि बटाटा यांतील फरक पाहा. अँडीज पर्वतातील समाजाचा अभ्यास करणारे जॉन मरा यांनी हा भेद ठळकपणे दाखवला. बटाटा हे सामान्य शेतकऱ्याचे पीक होते. तो उंचावर, थंडीत, पावसाच्या भरवशावर, साध्या उतारावरही येतो. मका हे राज्याचे पीक होते. त्याला ऊब लागते, अधिक माती लागते, बहुतेक ठिकाणी पाटाचे पाणी लागते, आणि त्याबदल्यात त्याच्यापासून चिचा हे आंबवलेले पेय मिळते, ज्याच्याशिवाय इंकांचा कोणताही उत्सव, कोणतीही मेजवानी होत नसे. राजा प्रजेकडून श्रम घेई ते कराऐवजी. या पाळीच्या श्रमाला मिता म्हणत, आणि कामावर आलेल्यांना खाऊपिऊ घालणे हे राजाचे कर्तव्य मानले जाई. तेव्हा मक्यासाठी ताली, तालींसाठी मजूर आणि मजुरांसाठी पुन्हा मका, असे हे चक्र होते. उरुबांबाच्या खोऱ्यात पिसाक आणि ओयांताइतांबो येथे जे भव्य टप्पे दिसतात ते या चक्रातून उभे राहिलेले आहेत, आणि ते खऱ्या अर्थाने शेतीचे आहेत.

कुस्कोत जन्मलेला इतिहासकार गार्सिलासो दे ला वेगा, ज्याची आई इंका राजघराण्यातील होती, त्याने लिहून ठेवले आहे की कुस्कोजवळच्या कोल्काम्पाता येथील टप्प्यावर राजघराण्यातील पुरुष स्वतः नांगरणी करत आणि ती विजयाची गाणी गात केली जाई. कोल्काम्पाता या नावातील ‘पाता’ म्हणजेच केचुआ भाषेतील टप्पा. जे राजघराणे शेताच्या टप्प्यावर आपला सण साजरा करते, त्याच्या दृष्टीने शेती आणि सत्ता वेगळ्या असू शकत नाहीत. माचू पिचूच्या १२ एकरांवर मका पोटापुरता पिकला की नाही, यापेक्षा तेथे मका होता, तो राजाच्या घरासमोर होता आणि उंच कड्यावर होता, याला महत्त्व असावे.

आणखी एक नोंद करावीशी वाटते. २४ जुलै १९११ रोजी हायरम बिंगहॅम तेथे पोहोचले आणि जगाला माचू पिचू ‘सापडले’ असे आपण शाळेत शिकलो. त्यांना खालच्या खोऱ्यातील मेल्चोर आर्तेआगा या शेतकऱ्याने वर नेले, आणि वर पोहोचल्यावर बिंगहॅम यांना त्याच इंका टप्प्यांवर शेती करणारी कुटुंबे भेटली. झाडी तोडून, पालापाचोळा जाळून त्यांनी काही टप्पे मोकळे केले होते आणि त्यांवर मका, बटाटे व इतर पिके उभी होती. जी शेते चारशे वर्षांनंतर नुसती साफ करताच पीक देतात, ती दुय्यम म्हणून बांधली असतील असे मानणे मला जड जाते.

कणगी :

अश्मक यांच्या प्रतिसादातील शेवटचा मुद्दा फार आवडला. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. बटाट्याच्या बाजूने बोलणे मला भाग आहे, कारण तालींच्या भव्यतेत तो नेहमी मागे पडतो.

अँडीजमधील शेतकरी डोंगराकडे उंचीच्या पट्ट्यांनी पाहतो. पेरूचे भूगोलतज्ज्ञ हाविएर पुल्गार विदाल यांनी लोकांच्याच शब्दांवरून हे पट्टे मांडले. २,३०० ते ३,५०० मीटर हा केचुआ पट्टा, येथे मका. ३,५०० ते ४,००० मीटर हा सुनी पट्टा, येथे बटाटा, किनोवा, तार्वी नावाची शेंग आणि ओका, ओयुको, माश्वा ही कंदपिके. त्याच्या वर पुना, जेथे लामा व अल्पाका चरतात आणि केवळ कडू जातीचे बटाटे तग धरतात. एकाच गावाची, पुष्कळदा एकाच कुटुंबाची, जमीन या तिन्ही पट्ट्यांत तुकड्यातुकड्यांनी असते. आपल्याकडे जमिनीचे तुकडे पडणे ही आपत्ती मानली जाते. तेथे ते संरक्षण आहे, कारण गारपीट किंवा हिमदव एका उंचीवरचे पीक मारून गेला तरी दुसऱ्या उंचीवरचे वाचते.

बटाट्याचे मूळ घर दक्षिण पेरू आणि टिटिकाका सरोवराचा परिसर हेच आहे. पुनाच्या काठावर शेत तयार करताना बैलाचा नांगर चालत नाही, त्यामुळे आजही चाकिताक्ल्या हा पायाने दाबून चालवायचा नांगर वापरतात : एक लांब दांडा, खाली अरुंद फाळ, पाय ठेवायला एक आडवे लाकूड. दोन पुरुष ढेकूळ उचकटतात आणि समोर बसलेली स्त्री ते हाताने उलथून ठेवते. बटाटा काढल्यावर त्या वाफ्यात पुढच्या वर्षी दुसरे कंद किंवा धान्य घेतात आणि नंतर ती जमीन अनेक वर्षे पडीक ठेवतात. कोणता भाग कधी पडीक ठेवायचा, हे गाव ठरवते, शेतकरी एकटा ठरवत नाही.

साठवणीची पद्धत तर विलक्षण आहे. जून-जुलैमध्ये, म्हणजे तेथील हिवाळ्यात, बटाटे माळावर पसरतात. रात्री ते गोठतात, दिवसा उन्हाने सैल पडतात. मग बायका-पुरुष अनवाणी पायांनी ते तुडवून त्यांतले पाणी काढतात. असे काही दिवस केले की हलका, टणक, काळपट चुन्यो तयार होतो आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. दुसऱ्या प्रकारात हेच बटाटे कित्येक आठवडे वाहत्या पाण्यात ठेवून नंतर वाळवतात. त्याने पांढरा, सौम्य चवीचा पदार्थ मिळतो आणि कडू जातींतील विषारी द्रव्य निघून जाते. आपण चैत्र-वैशाखाच्या उन्हात बटाट्याचा कीस गच्चीवर घालतो ते वाळवण उन्हाच्या बळावर. त्यांचे वाळवण ऊन आणि हिम या दोघांच्या बळावर. इंकांच्या कोठारांमध्ये, ज्यांना कोल्का म्हणत, मक्याबरोबर चुन्योही भरलेला असे.

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या उपवासाच्या ताटातील बटाटा, रताळे, शेंगदाणे, राजगिरा आणि साबुदाण्याचा मूळ कंद हे सगळे अमेरिका खंडातून आलेले आहेत, आणि त्यांतील बटाटा व शेंगदाणा यांची जन्मभूमी तर अँडीज व त्याच्या पायथ्याचा प्रदेश हीच आहे. बटाटा हा आपला शब्द पोर्तुगीजांकडून आला; तो मुळात कॅरिबियन बेटांवरील रताळ्याचा शब्द. अँडीजमध्ये बटाट्याला पापा म्हणतात आणि तेच नाव स्पॅनिश बोलणाऱ्या दक्षिण अमेरिकेत आजही चालते.

दूरदेश :

मी सध्या दक्षिण अमेरिकेत नोकरीनिमित्त राहतो आणि कुस्कोजवळचे मोराय पाहून आलो आहे. जमिनीत वाटीसारखे खोल उतरत गेलेले गोलाकार टप्पे आणि त्यांची सुमारे तीस मीटर खोली पाहून थक्क झालो. तेथे सांगितले गेले की ही इंकांची कृषी प्रयोगशाळा होती आणि प्रत्येक टप्प्यावर वेगळे तापमान ठेवून ते पिकांचे वाण तयार करत. या धाग्यावर मोरायचा उल्लेख कसा आला नाही?

अश्मक :

दूरदेश, मोराय अद्भुत आहे यात शंका नाही, पण ‘प्रयोगशाळा’ हा शब्द मी जपून वापरेन. तळ आणि कड यांच्या तापमानात फरक पडतो, हे मोजमापातून दिसले आणि त्यावरून संशोधक जॉन अर्ल्स यांनी असे अनुमान मांडले की येथे पिकांची निरनिराळ्या हवामानांत चाचणी होत असावी. वाटाड्यांच्या तोंडी त्या अनुमानाचा सिद्धान्त झाला आहे. इंकांना लेखनविद्या नव्हती. गाठींच्या दोऱ्यांत, म्हणजे किपूत, ते आकडे ठेवत, आणि मोरायच्या प्रयोगाची नोंद असलेला किपू कोणी वाचलेला नाही.

मोरायची निर्विवाद गोष्ट सह्यवारा यांच्या विषयाशी जोडलेली आहे, आणि ती म्हणजे वाटीच्या तळाशी पाणी साचत नाही. मात्र २०१० च्या सुमारास झालेल्या असाधारण पावसात तेथील काही टप्पे ढासळले आणि त्यांची डागडुजी करावी लागली. इंकांची भिंत कधीच पडत नाही, ही समजूत त्यामुळे आपण सोडून द्यावी.

खाचर :

अश्मक यांनी मितेविषयी लिहिले आणि कणगीताईंनी नांगरणारे दोघे व ढेकूळ उलथणारी बाई यांच्याविषयी. मला जाणून घ्यायचे आहे की राजाचे काम सोडले, तर गावातल्या गावात हे श्रम कसे होत. आमच्याकडे सावड असते. आज तू माझ्या लावणीला ये, उद्या मी तुझ्या लावणीला येतो. पैशांचा हिशेब नाही, दिवसाचा हिशेब असतो. नांगरटीसाठी इर्जिक घालत, त्या दिवशी साऱ्या औतांना घरधन्याकडून जेवण असे. पडकईदेखील सावडीवरच उभी होती. आता तरुण मुले मंचर-चाकणच्या बाजूला कामाला जातात, उरलेली कामे यंत्र करते आणि सावडीला माणूस मिळत नाही.

यंत्राविषयी मी मुद्दाम लिहीत आहे. माळीण गाव आमच्यापासून दूर नाही. ३० जुलै २०१४ च्या पहाटे डोंगर खाली आला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर उतारावरच्या सपाटीकरणाविषयी बरीच चर्चा झाली, मते वेगवेगळी आहेत आणि मी त्यात निवाडा देणार नाही. मला आमच्या रानात दिसते तेवढेच सांगतो. हाताने पडकई होत असे तेव्हा एका उन्हाळ्यात एक-दोन खाचरे होत, ताल बसायला दोन पावसाळे मिळत, दगड निवडून लावला जाई. यंत्र चार दिवसांत अख्खी उतरंड कापते आणि निघालेला मुरूम उतारावर तसाच लोटून देते. त्या मुरुमाला ना ताल, ना निचरा.

अश्मक :

खाचर, आपल्या सावडीला अँडीजमध्ये आयनी म्हणतात आणि तिचा अर्थ शब्दशः तोच आहे : श्रमाची परतफेड श्रमानेच. ही प्रथा इंकांच्या आधीची आहे, आणि त्यांचे राज्य गेल्यानंतर आजही चालू आहे. मिता ही राजाने आयनीच्याच पायावर उभारलेली इमारत होती.

टप्पे ओसाड का पडले, याचे उत्तरही याच्याशी निगडित आहे. पेरूच्या दक्षिणेला कोल्का नदीच्या खोऱ्यात इंकांच्याही आधीपासूनचे हजारो टप्पे आहेत, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक आज पडीक आहेत. सोळाव्या शतकात देवी आणि इतर साथींनी माणसे मेली. जी उरली त्यांना १५७० च्या दशकात, पेरू जिंकलेल्या स्पेनचा व्हाइसरॉय तोलेदो याने डोंगरावरच्या वाड्यावस्त्यांतून उठवून खाली चौकोनी आखणीच्या गावांत बसवले, म्हणजे कर गोळा करणे आणि खाणीला मजूर धाडणे सोपे व्हावे. शेत वर राहिले आणि शेतकरी खाली गेला. टप्प्याची भिंत दरवर्षी कोठेतरी एक दगड सोडते. तो त्याच हंगामात परत लावला तर काम घटकाभराचे, दहा वर्षे राहिला तर वरच्या टप्प्याचेही आयुष्य संपते.

पुनरुज्जीवनाचे प्रयत्न झाले आहेत. टिटिकाका सरोवराच्या काठी, सुमारे ३,८०० मीटर उंचीवर, वारू वारू नावाची उंच वाफ्यांची प्राचीन पद्धत होती : दोन वाफ्यांमध्ये पाण्याचे चर, जे दिवसा ऊन साठवून रात्री पिकाला हिमदवापासून वाचवत आणि ज्यांचा गाळ खत म्हणून वाफ्यावर येई. १९८० च्या दशकात क्लार्क एरिक्सन यांनी वाता गावच्या शेतकऱ्यांबरोबर असे वाफे पुन्हा तयार केले आणि बटाट्याचे उत्पादन आसपासच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक आले. पुढे हे काम अनेक ठिकाणी पसरले, पण प्रकल्पांचा पैसा थांबल्यावर बरेच वाफे पुन्हा ओस पडले. याउलट ओयांताइतांबोजवळील पाताकांचाच्या खोऱ्यात अ‍ॅन केंडल यांच्या संस्थेने जुने पाट आणि टप्पे गावकऱ्यांच्या हाताने दुरुस्त करून घेतले, आणि तेही सिमेंटऐवजी चिकणमाती, वाळू व दगड वापरून, कारण भूकंपात सिमेंटचा पाट तडकतो आणि मातीचा पाट सांधता येतो. साहित्य गावाचे असल्यामुळे दुरुस्तीसाठी बाहेरचा माणूस बोलवावा लागत नाही.

कणगी :

पिसाकजवळील बटाटा उद्यानाचाही उल्लेख व्हायला हवा. काही केचुआ गावांनी आपली डोंगरावरची जमीन एकत्र करून तेथे बटाट्याचे हजाराहून अधिक वाण जोपासले आहेत. लिमा येथे १९७१ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राने याच भागातून पूर्वी गोळा केलेले वाण २००४ च्या करारानंतर या गावांना परत दिले. संशोधन केंद्राने शेतकऱ्याचे बियाणे शेतकऱ्याला परत करावे, ही घटना माझ्या विद्यार्थ्यांना मी दरवर्षी सांगते. तेथील शेतकरी असेही सांगतात की हवा तापल्यामुळे बटाट्याची शेते पूर्वीपेक्षा बरीच वर सरकली आहेत. डोंगराला माथा असतो, त्यामुळे वर सरकण्याला सीमा आहे, आणि ही त्यांची मोठी चिंता आहे.

खाचर :

सर्वांचे मनापासून आभार. सह्यवारा, आता एक अगदी व्यवहाराचा प्रश्न. माझ्या वरच्या दोन खाचरांच्या तालींना दर श्रावणात पोट सुटते. भाताचे पाणी तर धरायचे आहे, मग निचरा कसा ठेवू? परात आणि चाळणी एकाच जागी कशी बसवावी?

सह्यवारा :

खाचर, जागा पाहिल्याशिवाय ठाम सांगणे योग्य नाही, पण तत्त्व सांगतो. पाणी चिखलणीच्या थराने धरावे, तालीने धरू नये. ताल नव्याने रचाल तेव्हा तिच्या पाठीशी तळापासून हात-दीड हात रुंदीचा दगडांचा भराव घाला, डोंगराच्या बाजूकडे दगड लहान होत जाऊ द्या म्हणजे माती त्यात शिरणार नाही. या भरावाच्या आणि खाचराच्या मधोमध चिकणमातीचा ठोकून बसवलेला बांध ठेवा. तो परातीचा काठ. जे पाणी त्यातूनही झिरपेल ते दगडांतून खाली उतरेल आणि तळाशी ठेवलेल्या तोंडांतून बाहेर पडेल. ताल किंचित डोंगराकडे झुकती ठेवा. सांडव्याचे पाणी खालच्या तालीच्या माथ्यावर पडू देऊ नका, त्याखाली दगडी फरशी टाकून ते कडेच्या ओहोळाकडे न्या. आणि खालच्या तालीपासून सुरुवात करा, वरच्या नव्हे.

आपली परवानगी असेल तर जानेवारीत मी स्वतः येऊन पाहीन.

खाचर :

अवश्य या. संक्रांतीनंतर रान मोकळे असते. सावडीला तीन घरे तयार आहेत, चौथ्या घराशी बोलणे चालू आहे. पहिली ताल उतरवून नव्याने रचू, आणि वरच्या तालीच्या चढणीला बाहेर आलेल्या दगडांचा जिनाही करून पाहू. आषाढाची पहिली झड होऊन गेली की ताल कशी राहिली ते छायाचित्रांसह याच धाग्यावर लिहीन.